टूलबारवर चित्र ठेवायचं की शब्द? पहिल्यांदाच बटणं मांडायला बसलेल्यांसाठी

तुर्भ्याच्या बाजार समितीत, कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यावर मी पहिल्यांदा गेले, तेव्हा तिथल्या मॉनिटरच्या वरच्या कडेला कागदाची एक लांब पट्टी चिकटवलेली होती. वहीचं पान फाडून केलेली, सेलोटेपने लावलेली. तिच्यावर निळ्या बॉलपेनने शब्द लिहिले होते: बिल, आवक, पट्टी, येणं, प्रिंट. प्रत्येक शब्दाखाली खाली जाणारा एक बाण. आणि त्या बाणांच्या टोकाशी, स्क्रीनवर, आम्ही महिनाभर खपून केलेली गोंडस चित्रं.

मी तेव्हा महाप्यातल्या एका छोट्या कंपनीत होते. गाळ्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर करायचो. टूलबार, म्हणजे स्क्रीनच्या वरच्या कडेची बटणांची ओळ, 'स्वच्छ' दिसावा म्हणून त्यावरचे सगळे शब्द काढायचे, हा निर्णय माझाच होता. गाळ्याचा हिशोब लिहिणाऱ्या मेहताजींनी ते शब्द बॉलपेनने परत आणले होते.

ऐरोली, महापे, वागळे इस्टेट भागात पहिल्या नोकरीला लागलेली मुलंमुली मला अधूनमधून विचारतात, "ताई, टूलबार करायला दिलाय, आयकॉन कुठून घेऊ?" प्रश्न तिथून सुरू करायचा नाही. कुठून करायचा ते खाली क्रमाने लिहिलंय. यातल्या बहुतेक पायऱ्या मी आधी उलट्या क्रमाने केल्या आणि मग पस्तावले.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- वही आणि पेन. लॅपटॉप उघडला की समोरचा माणूस सावध होतो आणि पुस्तकी बोलायला लागतो.
- सध्याच्या स्क्रीनचे काळे-पांढरे प्रिंट, चार-पाच प्रती.
- ग्राहकाकडे असतो तसला स्क्रीन. पुष्कळ दुकानांत अजून १३६६ बाय ७६८ चे मॉनिटर आहेत. ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर मांडलेलं तिथे मावत नाही.
- एक साधा अँड्रॉइड फोन.
- स्क्रीनची रचना मांडायला फिग्मा किंवा पेनपॉट हा प्रोग्रॅम. पेनपॉट मुक्तस्रोत आहे, शिकायला तेही पुरतं.
- नोटो सान्स देवनागरी किंवा 'मुक्त' नावाचा फॉन्ट. दोन्ही फुकट मिळतात.
- एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. हाही मोफत.

१. जागेवर जा आणि शब्द वेचा

अर्धा दिवस वापरणाऱ्याच्या मागे स्टूल टाकून बसा. काही विचारू नका. तो तोंडाने काय बोलतो तेवढं लिहा. गाळ्यावर मी जे लिहून घेतलं ते असं: "गाडीची आवक टाक." "वजन झालं का?" "सिन्नरवाल्याची पट्टी काढ." "त्याचं येणं किती राहिलं बघ." आमच्या सॉफ्टवेअरमध्ये याच गोष्टींना इनवर्ड, सेटलमेंट आणि रिसीव्हेबल म्हटलेलं होतं. मेहताजी तीस वर्षं हेच काम करत होते आणि यातला एकही शब्द त्यांच्या तोंडात नव्हता.

वहीत तीन रकाने आखा: माणूस काय म्हणाला, सॉफ्टवेअरमध्ये त्याला काय म्हणतात आणि तासाभरात ते काम किती वेळा झालं. तिसरा रकाना पुढच्या पायरीला लागतो.

इथे एक फसगत ठरलेली असते. मालक तुम्हाला आत केबिनमध्ये बसवतो, चहा मागवतो आणि सगळं स्वतःच समजावून सांगतो. चहा प्या, पण शब्द त्याच्याकडून घेऊ नका. तो तुमच्याशी बोलताना 'इन्व्हॉइस' म्हणतो. बाहेर पोराला हाक मारताना 'बिल' म्हणतो. आपल्याला बाहेरचा शब्द हवा.

२. बटणं कमी करा

आमच्या टूलबारवर १९ बटणं होती. सकाळच्या घाईच्या तीन तासांत त्यातली सहा दाबली गेली. उरलेली तेरा कुणाच्या तरी मागणीवरून कधीतरी आत आलेली.

ही छाटणी आधी करा. कारण शब्द घालायला जागा नाही, अशी तक्रार येते तेव्हा खरी अडचण बहुतेक वेळा बटणांच्या संख्येची असते. रोज लागणारी सहा-सात वर, आठवड्यातून लागणारी 'आणखी'मध्ये, वर्षातून एकदा लागणारी सेटिंगमध्ये.

३. प्रत्येक चित्राला प्रश्न विचारा

प्रिंट काढलेल्या स्क्रीनवरच्या एकेका चित्रावर बोट ठेवा आणि विचारा, "हे दाबलं तर काय होईल?" 'हे काय आहे?' असं विचारू नका. या दोन प्रश्नांच्या उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. प्रिंटरचं चित्र पाहून सगळे म्हणतील, "प्रिंटर." पण दाबल्यावर लगेच कागद निघेल, की आधी किती प्रती ते विचारेल, इथे मतं फुटतात.

आमच्याकडची उत्तरं जशीच्या तशी देते.

गाळणीचं, म्हणजे इंग्रजीतल्या फिल्टरचं चित्र: "ताई, हे नरसाळं कशाला ठेवलंय? तेल भरायचंय का?"

डावीकडे वळणारा बाण: एकाने सांगितलं, मागच्या पानावर जाईल. दुसरा म्हणाला, लिहिलेलं पुसेल. मेहताजींच्या मते माल परत आल्याची नोंद. तिघांचंही बरोबर असू शकलं असतं, आणि हाच तर दोष.

भिंग: शोधणं की मोठं करून बघणं? निम्मे निम्मे.

फ्लॉपी: गाळ्यावरच्या अठरा वर्षांच्या पोराने ओळखली. म्हणजे 'सेव्ह' म्हणून ओळखली. ती खरी वस्तू असते हे त्याला माहीत नव्हतं. साडेतीन इंची, १.४४ एमबीची ती चकती विकणं सोनीने २०११ मध्येच थांबवलं. चित्र मात्र टिकलं, कारण लोकांनी ते अक्षरासारखं पाठ केलं. यावरून काही जण म्हणतात, बघा, कुठलंही चित्र लोक शिकतातच. शिकतात, पण तेच चित्र त्याच अर्थाने शेकडो प्रोग्रॅममध्ये वर्षानुवर्षं दिसलं तर. तुमच्या एका सॉफ्टवेअरमधल्या एका चित्राला ते भाग्य मिळणार नाही.

आता पट्टी. ज्यांना बाजार माहीत नाही त्यांच्यासाठी: शेतकऱ्याचा माल विकला गेला की वजन, भाव, त्यातून वजा झालेली हमाली, तोलाई, गाडीभाडं आणि हातात पडणारी रक्कम, असा जो हिशोबाचा कागद त्याला मिळतो, ती पट्टी. आमच्या चित्रकार मुलाला मी फक्त 'पट्टी' असा शब्द पाठवला. त्याने फूटपट्टी काढली. मी म्हटलं, ती नव्हे. मग त्याने मलमपट्टी काढली. त्याची चूक नव्हती. गाणाऱ्या घरातला असता तर पेटीची काढली असती. शेवटी आम्ही रुपयाचं चिन्ह असलेला कागद केला, आणि तो बिलाच्या चित्रासारखा दिसायला लागला. बिल व्यापाऱ्याला जातं, पट्टी शेतकऱ्याला. ही दोन बटणं एकमेकांसारखी दिसणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

ही गोम आयकॉनइतकीच जुनी आहे. झेरॉक्सच्या स्टार या संगणकावर १९८१ मध्ये आयकॉन आले, ते कागद, फोल्डर, टपालाचा ट्रे, प्रिंटर अशा वस्तूंचे. हलवा, नक्कल करा, पुसा या क्रियांसाठी कीबोर्डवर वेगळ्या कळा होत्या आणि त्या कळांवर शब्द छापलेले होते. वस्तूचं चित्र काढता येतं. क्रियेचं काढायला गेलं की बाण येतात, आणि बाण कशाचाही होतो.

नुसतं चित्र चालतं अशा जागा आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. गाणं चालू करायचा त्रिकोण आणि थांबवायच्या दोन उभ्या रेघा. मजकूर डावीकडे, मधे, उजवीकडे लावायची बटणं. तिथे चित्र म्हणजे परिणामाचा नमुनाच असतो आणि शब्द उलट आड येतो. रोज आठ तास एकच प्रोग्रॅम वापरणाऱ्या फोटो किंवा नकाशावाल्यांची साधनपेटी. त्यांना कामाला जास्त जागा हवी असते आणि शिकायला त्यांच्याकडे महिने असतात. गाळ्यावर नवा पोरगा सोमवारी लागतो आणि मंगळवारी बिल काढतो.

४. लेबल लिहा, पण मोठ्याने वाचून

वहीतल्या पहिल्या रकान्यातले शब्द घ्या. मग पुढच्या फसगती टाळा.

शुद्ध मराठीचा अट्टहास. मी 'सेव्ह'चं 'जतन करा' केलं. अर्थ सगळ्यांना कळला, वापरलं कुणीच नाही. मेहताजी पोराला ओरडून सांगायचे, "सेव्ह कर रे," आणि पोरगा स्क्रीनवर सेव्ह शोधत बसायचा. सरकारी संकेतस्थळ करत असाल तर राज्याच्या भाषाधोरणाप्रमाणे चला. दुकानात, दुकानात बोलतात ते.

एकटं क्रियापद. 'प्रिंट'साठी मी आधी 'छापा' लिहिलं होतं. मेहताजी चष्मा वर करून म्हणाले, "ताई, व्यापाऱ्याच्या स्क्रीनवर हा शब्द ठेवू नका. शेठला धस्स होतं." मराठीत आज्ञार्थ आणि नाम कधीकधी एकसारखं दिसतं, इंग्रजीतून लेबलं उतरवताना हे लक्षातच येत नाही.

सगळ्यांच्या शेवटी 'करा'. शोध करा, बदल करा, नोंद करा, रद्द करा. सात बटणांवर सात 'करा' झाले की डोळ्याला फक्त 'करा'च दिसतं. जिथे नामाने भागतं तिथे नाम ठेवा: आवक, बिल, पट्टी, येणं.

'रद्द'. हे बिल रद्द होणार, की नुसती उघडलेली खिडकी बंद होणार? खिडकीसाठी 'बंद', बिलासाठी 'बिल रद्द'. इथे दोन शब्द वापरा, कंजुषी नको. तसंच 'नवीन': काय नवीन?

आणि संक्षेप नकोत. 'शे. प.' हे शेतकरी पट्टीचं रूप आमच्यातल्या एकाने सुचवलं होतं. त्यापेक्षा नरसाळं परवडलं.

५. चित्र आणि शब्द शेजारी बसवा

इथवर आल्यावर बहुतेकांना वाटतं की मग चित्र काढूनच टाकावं. थोडं थांबा. आपल्या मतदान यंत्रावर उमेदवाराचं नाव असतं, शेजारी चिन्ह असतं, आणि २०१५ पासून फोटोही असतो. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ ला, चिन्हं आली ती ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. आज वाचणारे कितीतरी वाढले, तरी चिन्ह गेलं नाही आणि नावही गेलं नाही. शब्द अर्थ सांगतो. चित्र दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तीच जागा झटकन सापडवून देतं. दोघांची कामं वेगळी.

मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या ईमेलच्या प्रोग्रॅमचा किस्सा या धंद्यात पुष्कळांना ठाऊक आहे. ऑफिस २००७ च्या रचनेवर काम केलेल्या जेन्सन हॅरिस यांनी तो लिहून ठेवला आहे. नवखी माणसं आउटलुकचा टूलबार वापरतच नव्हती. चित्रं बदलून पाहिली, जागा बदलून पाहिल्या, फरक पडेना. मग महत्त्वाच्या बटणांवर शब्द घातले आणि वापर सुरू झाला. यात 'महत्त्वाच्या' हा शब्द अधोरेखित करा: सगळ्याच बटणांवर नव्हे. आम्हीही सहा बटणांना शब्द दिले, आणि प्रिंटशेजारच्या मागच्या-पुढच्या पानाच्या बाणांना दिले नाहीत. कुणी मागितलेही नाहीत.

शब्द चित्राच्या खाली की बाजूला? रुंदी असेल तर बाजूला, कारण वाचताना डोळा सरळ रेषेत जातो. १३६६ पिक्सेलमध्ये प्रत्येकी १३० पिक्सेलची सात बटणं ९१० मध्ये बसतात आणि शोधायच्या चौकटीला जागा उरते. फोनवर रुंदी नसते, तिथे चित्राखाली शब्द घ्या आणि बटणं पाचाच्या वर नेऊ नका.

बटणाचा आकार: वेब सुलभतेचे नियम, म्हणजे डब्ल्यूसीएजी २.२, किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल सांगतात. तो तळ आहे. अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपी (फोनच्या स्क्रीनचं माप), अ‍ॅपलची ४४ पॉइंट. कांद्याच्या धुळीने माखलेला अंगठा डोळ्यासमोर आणा आणि मोठा आकडा घ्या.

कुणीतरी हमखास म्हणेल, "टूलटिप आहे की, माउस नेला की नाव दिसतं." माउस न्यायला आधी शंका यावी लागते, मग थांबावं लागतं. एकोणीस चित्रांवर एकेक करून माउस नेणं म्हणजे बिल्डिंगमध्ये प्रत्येक दाराची बेल वाजवून कुलकर्णी कुठे राहतात विचारणं. फोनवर तर माउस नसतोच.

६. देवनागरीची काळजी घ्या

इथे इंग्रजी टूलबारवरून उचललेली मापं दगा देतात. थोडक्यात सांगते, कारण करायला सोपं आहे.

इंग्रजी लेबल १२ पिक्सेलला वाचता येत असेल तर देवनागरीला १४ द्या. ओळीची उंची दीडपटीच्या खाली नको, नाहीतर 'की'ची वेलांटी वरून आणि 'रू'चा ऊकार खालून कापला जातो. अक्षरांमधलं अंतर वाढवणारी लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवा; ती वाढवली की शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडक्या फणीसारखा दिसतो. ठळक अक्षर बारीक आकारात वापरू नका, 'क्ष' आणि 'ज्ञ'ची पोटं बुजतात.

पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा, पानाच्या कोडमधल्या लँग या गुणधर्मात 'एमआर' (mr) असं लिहून. त्याने चांगल्या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात. आणि 'शेतकऱ्याची' हा शब्द प्रत्येक जुन्या मशीनवर उघडून बघा. त्यातला अर्धा ऱ्य फुटला तर फॉन्ट बदला. आमचा फुटला होता, आणि तो ग्राहकानेच दाखवला.

७. डोळे मिटून एकदा वापरा

एनव्हीडीए चालू करा, स्क्रीन बंद करा, टॅब दाबत टूलबारवरून जा. नुसत्या चित्राच्या बटणाला कोडमध्ये नाव दिलेलं नसेल तर ऐकू येतं: "बटण. बटण. बटण." आमच्या पहिल्या टूलबारवर हे एकोणीस वेळा ऐकलं.

दिसणारा शब्द आणि कोडमधलं नाव एकच ठेवा. स्क्रीनवर 'पट्टी' आणि एआरिया-लेबलमध्ये, म्हणजे कोडमधल्या नावात, 'सेटलमेंट' असं झालं, तर आवाजाने संगणक चालवणारा 'पट्टी' म्हणेल आणि काहीच होणार नाही. शेजारी शब्द असलेल्या चित्राला एआरिया-हिडन लावून टाका, म्हणजे स्क्रीन रीडर ते चित्र वगळतो. तेच दोनदा ऐकवायची गरज नाही.

८. पाच माणसांना बसवा

वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेल्या गणितानुसार पाच जणांच्या चाचणीत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. पण ते पाच एका जातकुळीचे धरलेत. मेहताजी, गाळ्यावरचा पोरगा आणि शेठ हे तीन वेगळे गट; प्रत्येकातले तीन-चार तरी बघा.

काम सांगा, बटण सांगू नका. "या गाडीची पट्टी काढा" असं म्हटलंत तर त्यांनी 'पट्टी' शब्द शोधला, एवढंच कळतं. "शेतकरी समोर उभा आहे, त्याला हिशोब द्यायचाय" असं म्हणा. मग हात मागे बांधून गप्प बसा. ही पायरी मला अजून जड जाते. माणूस चुकीच्या बटणाकडे निघाला की तोंडातून "अंऽ" निघतंच, आणि तिथे चाचणी वाया जाते.

शक्य असेल तर सकाळच्या गर्दीत बघा. दुपारी तीनला, गाळा झाडून झाल्यावर, सगळ्यांनाच सगळं सापडतं.

९. नवा टूलबार हळू उतरवा

जुन्या माणसांनी चित्र पाठ केलेलं नसतं, जागा पाठ केलेली असते. 'वर डावीकडून तिसरं.' आम्ही शब्द घातले त्याच दिवशी क्रमही बदलला, आणि दोन दिवस बिलाच्या ऐवजी आवक उघडत राहिली. शब्द घाला, जागा तशाच ठेवा. क्रम सुधारायचाच असेल तर महिन्याभराने, एका वेळी एक.

जुना टूलबार परत आणायची सोय सेटिंगमध्ये महिनाभर राहू द्या. कोण मागे जातंय त्याची नोंद ठेवा आणि त्यांना भेटा. शब्द कुठे चुकलाय ते तेच सांगतील. आमच्याकडे दोन गाळे मागे गेले, दोन्ही 'येणं' या बटणामुळे. त्यांच्याकडे त्याला 'उधारी' म्हणत होते. आता पहिल्यांदा चालू करताना आम्ही विचारतो: येणं, उधारी की बाकी?

कसं चाललंय ते विचारायला फोन पहिल्या दिवशी करू नका, त्या दिवशी सगळे "छान आहे" म्हणतात. तिसऱ्या दिवशी दुपारी करा.